हाळी

गावात घड्याळं पुष्कळ होती तेव्हा,
पण निजलेल्या माणसाला घड्याळ हलवून उठवत नाही.
म्हणून रेल्वे कंपनीने लॉन्झो व्हिटेकरला ठेवलं:
वय तेरा, कंदील एक, काठी एक,
काम रात्रीची दारं वाजवायचं.

"ऑर्विल टीट्स, दोन चाळीस!"
"हुडाक, उठा, मागचं इंजिन तुमचं!"

आमच्या चढाला एक इंजिन पुरत नसे.
कोळशाचे सत्तर डबे खाली येऊन धापा टाकत,
मागून दोन इंजिनं ढुशी द्यायला लागत,
आणि त्या ढुशीवर उभं होतं रीडर्स गॅप:
खाणावळ, दोन चर्च, एक न्हावी,
दोरीवरच्या चादरी,
वाळेपर्यंत पुन्हा काळ्या झालेल्या.
आई म्हणायची, काजळी पडतेय तोवर पगार पडतोय.

बोगदा त्याहून जुना.
कंपनीच्या वहीत बावीस खेचरांची नावं आहेत,
डेझी, कर्नल, लंगडी रूथ,
कुणाला किती ओट घातले तेही.
खोदणाऱ्या माणसांपुढे लिहिलंय: इतर खर्च.

मग डिझेल आलं.
एका शनिवारी गाडी खाली थांबलीच नाही.
न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला,
अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक त्याच्यामागे,
दोघांनी शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत पाहिला.
उरलेली दाढी त्याने फुकट केली म्हणतात.

इंजिनघराच्या जागी आता वृद्धाश्रम आहे.
मी तिथे रात्रपाळीला.
लॉन्झो सात नंबरच्या खोलीत, वय एक्याण्णव.
दोन वाजले की उठतो,
मोजे उलटे घालतो, काठी घेतो,
आणि बोळातली दारं वाजवत निघतो.

पहिले काही दिवस मी त्याला हाताला धरून परत निजवलं.
तो रडायचा. गाडी अडून राहील म्हणायचा.
आता दाराआडून जाड आवाजात ओ देते:
"उठलो रे, कॉफी ठेवलीय."
मग तो मान हलवतो
आणि पुढच्या दाराकडे जातो.
ऑर्विलची ओ मी देते, हुडाकची मी देते,
मेलेल्यांची हजेरी भरून निघते.

एक गोष्ट मला उशिरा कळली.
हाळी देणाऱ्याला नुसतं घर ठाऊक असून भागत नसे.
कोण कुठल्या रात्री कुणाच्या दाराआड निजतो,
हे ठाऊक असावं लागे,
नाहीतर गाडी चुकायची.

परवा तो चादरींच्या कपाटापुढे थांबला.
काठी खाली टेकवली,
आणि नुसत्या नखाने, एकदाच,
"क्लीटस बॉमगार्डनर. चार दहा."

माझे आजोबा.
आमच्या घराचं दार तो काठीने वाजवायचा,
तीनदा, कुत्री जागी होईपर्यंत;
हे आई सांगायची.

मी विचारलं, "लॉन्झो, हे दार कुणाचं?"

खालून मालगाडी गेली तेवढ्यात,
न थांबता,
औषधांच्या कपांना कंप सुटला.
ती जाईपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं,
तेरा वर्षांच्या पोराने
बड्या बाईकडे पाहावं तसं,
आणि हातात नसलेल्या कंदिलाची वात
जरा खाली केली.

"त्याला सांगा," तो म्हणाला,
"बूट मागच्या पायरीवर ठेवलेत."