बाराव्या घरातला शुक्र

देवघरे गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला,
पत्रिकेवर बोट ठेवलं :
मेष लग्न. सप्तमाचा स्वामी शुक्र
बाराव्यात, मीनेचा, उच्चीचा.
मग मामाकडे पाहून, आवाज उतरवून,
शय्यासुख उत्तम.
मामा खोकलले. आई पोहे आणायला उठली,
जे केव्हाचेच समोर ठेवले होते.

बारावं घर परदेशाचंही असतं, गुरुजी म्हणाले,
झोपेचं असतं, आणि व्ययाचं.
तेवढं कुणी ऐकलं नाही.

आता रात्री साडेआठला
मी आंदणातल्या दिवाणावर लॅपटॉप उघडते,
पाठीशी दोन उशा, पायांवर त्याची घोंगडी,
आणि ओहायोतल्या कुण्या म्हाताऱ्याचं पित्ताशय
माझ्या मांडीवर येतं.
त्याला मी एक आकडा देते.
मग कुणाचा गुडघा, कुणाचं बाळंतपण.
तासाला चौदा चार्ट.
दहा मिनिटं माउस हलला नाही तर
नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो.
शय्या झाली. परदेश झाला. झोपेचा व्यय तर रोजचाच.
गुरुजी, तुमचं काहीच चुकलं नाही.

नरेश सबस्टेशनवर ऑपरेटर.
त्याची दिवसपाळी असली की
मी लॉगआउट करते तेव्हा तो डबा घेऊन निघतो.
एकानं सोडलेली जागा
दुसऱ्याला गरमच मिळते, एवढं आहे.
सासू विचारते, काहून वं, पाळणा कधी हालन?
मी म्हणते, ड्युटीचा तक्ता पाहून सांगतो, आई.
पाहिला. मार्चात दोन रविवार जुळतात.
गुण अठ्ठावीस जुळले होते.

पौषातली गोष्ट. चार वाजून सहा मिनिटं.
एका बाईच्या हृदयाच्या झडपेवर होते मी
आणि राऊटरचे दिवे मालवले.
खिडकीतून पाहिलं तर गावच गेलेलं,
ग्रामपंचायतीसमोरचा हायमास्ट,
देवळावरची निळी माळ, सगळं.
शेतांकडून मोटारींचा आवाज मात्र चालूच.
ओलिताचा फीडर शाबूत,
गावठाण तेवढं बंद.

फोन वाजला.
"गच्चीवर जाय."
"लाइन काहून गेली?"
"जाय तं खरी. पूर्वेकडं पाय."

शाल गुंडाळून चढले.
पळसांच्या काळ्या ओळीवर
एवढा मोठा, ओला, एकटाच उभा होता तो.
मी त्याला आजवर कागदावरच पाहिलेलं,
कुंडलीच्या कोपऱ्यात, नुसता 'शु'.

दोन किलोमीटरांवर नरेशही उभा असणार,
यार्डात, ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीत.
फारसं बोललो नाही.
थंडी आहे काय, त्यानं विचारलं.
कानाला, मी म्हणाले.
मग श्वासच नुसता, त्याचा आणि माझा,
टॉवरवरून जाऊन येणारा,
आणि कुठूनसा ओल्या हरभऱ्याचा वास.
लग्नाला तीन वर्षं झालेली,
आणि अंधारात, कुणी पाहत नसताना,
माझे गाल तापले.

बावीस मिनिटांनी गाव परत आलं.
आधी हायमास्ट पेटला, मग कुत्री.
शुक्र लगेच लहान झाला.
खाली आले तर ठिपका राखाडी,
टीम लीडचे तीन मेसेज.
मी लिहिलं, वीज नव्हती.
महिन्याच्या तक्त्यात ती बावीस मिनिटं
'अनुत्पादक' या रकान्यात पडली, लाल अक्षरांत.

त्यानं लॉगबुकात कारण लिहिलं होतं, वटवाघूळ.
मी नंतर विचारलं,
सबस्टेशनजवळ झाड नाही एक, वटवाघूळ कुठलं?
मोजे काढत, खाली पाहतच
तो म्हणाला,
"असते एखांदं."