पन्नास वर्षांची सभासद

लिस्बनमध्ये रसायन परिषदेचं वार्षिक संमेलन.
अध्यक्ष आकडे वाचतात, निर्यात टनांत.
देओलिंडा क्वारेश्मा पाण्याचा पेला
मनगटाने हलकेच गोल फिरवत राहते,
जणू आता, पुढच्या थेंबाला,
गुलाबी होईल.

नदीपल्याड तिचा कारखाना होता,
गंधकाम्लाचा.
वारा फिरला की दोरीवरच्या चादरींची
चाळण व्हायची. बायका शिव्या घालत
तिच्या दाराशी यायच्या,
कारण साहेबांपेक्षा ती जवळ राहायची.
ती रफू करून द्यायची.
प्रयोगशाळेच्या वहीत मात्र लिहायची: नमुना ठीक.

आता तिथे गवत. चादरी शाबूत,
पोरं परदेशात.

नाव पुकारलं. टाळ्या.
कुणीतरी तिच्या लोकरी शालीला
परिषदेचा चांदीचा बिल्ला टोचला.
जागेवर येऊन तिने तो आधी काढला,
शाल उजेडात धरली
आणि भोक बघितलं.