सातातला एक

मेस्तियात रात्री नऊला वीज येते, तेव्हा
माका आधी पंखा पुसते, संगणकाचा.
खालच्या गोठ्यातलं कुसळ वर उडत येतं, त्यात अडकतं.
मग बसते.

मे महिन्यापासून नऊ महिने, उजेड असेतो,
खांबावरच्या डबीतला कॅमेरा
दर दहा मिनिटांनी नदीकडे बघून डोळा मिटत होता.
एकोणीस हजार चारशे चाळीस फोटो.
कंपनीला दोन मिनिटं हवीत,
उद्घाटनाला, मोठ्या पडद्यावर, भाषणांच्या आधी.

हिशेब सोपा. सातातला एक ठेव, सहा सोड.

उजेडाचं तेवढं बघ, ते म्हणाले, लुकलुकतो.
म्हणजे ढग.
डोंगरावरून उतरायचा, सगळी दरी करडी करायचा,
आणि कुणी काही बोलायच्या आत निघून जायचा.
माकानं ढगांना इस्त्री केली.
आता उजेड असा, की नऊ महिने कुणी
दिव्याची वात एकाच बोटानं धरून ठेवली असावी.

मग माणसं.
माणसं एका जागी ठरत नाहीत.
फोटो एकमेकांत विरघळवले की
पिवळ्या टोप्यांचं धुकं होतं, धुक्याची हवा.
खांब आपणहून उभे राहतात,
तुळया आपणहून सरकतात.
उरते फक्त नाझिब्रोलाची गाय,
दुपारभर रवंथ करत बसलेली,
आणि तिच्याशेजारी दगडावर
लोकर पिंजणारी नाझिब्रोला.

एकाहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
आली. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या रात्री नाझिब्रोला चीज घेऊन वर आली.
पंख्याची घरघर ऐकत उभी राहिली.
काय शिजतंय?
पूल.
किती वेळ लागेल?
सकाळपर्यंत.
हं. त्यांना तर नऊ महिने लागले.

सकाळी दोघींनी पाहिलं.
गाय दिसल्यावर नाझिब्रोला तोंडाला पदर नसल्यामुळे
हातच लावून हसली.
पुन्हा लाव, म्हणाली.
पुन्हा लावल्यावर हसली नाही.
तिसऱ्यांदा म्हणाली,
यात माझ्या बहिणीचा गेला कुठंय?

मराठीत हे नाव घेतलं की वाक्यच पुरं होतं.
तिथं ते नुसतं नाव होतं, गालावर तीळ असलेल्या
एकोणीस वर्षांच्या वेल्डरचं,
अकरा ऑक्टोबरच्या दुपारपर्यंत.

माकानं मूळ फोटो उघडले.
दोन चाळीस. तुळईवर एक पिवळा ठिपका.
दोन पन्नास. ठिपका नाही.
क्रेन हवेत अर्धी थांबलेली,
बाकीचे सगळे पिवळे ठिपके एकाच काठाकडे,
आणि गाय
उठून उभी.

सातातला एक म्हणजे दोन दहा.
त्यानंतर थेट तीन वीस.
मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं.
आकडाच तसा पडला होता.

माकानं दोन पन्नास उचललं आणि मध्ये ठेवलं.
विरघळवलं नाही. इस्त्री केली नाही.
ढग होता तसा राहू दिला.
एका सेकंदाचा चोविसावा भाग.

नाझिब्रोला पडद्याला नाक लावून बसली.
दिसला?
काहीतरी हललं, ती म्हणाली.
तेच.
मग दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत,
चीज तसंच राहिलं, खालून गाय हंबरली,
तिची धार काढायची वेळ टळून गेली होती.

शुक्रवारी तिबिलिसीहून फोन आला.
सुंदर झालंय, सगळ्यांना आवडलंय,
खांब तर काय गवतासारखे उगवतात!
फक्त एक मिनिटाच्या आसपास, बघ जरा,
धक्का बसतो.

हो, माका म्हणाली.
बसतो.