लाहाई ग्बोंडाची हजेरी

पेंडेम्बूच्या पुढे रस्ता मोटारसायकलीपुरता उरतो,
मग नुसता पावलांपुरता.
माझ्या पाठीवर सरकारची पेटी:
बोटं वाचणारी काच, बॅटरी, घडीचं सोलर पॅनल,
आणि फ्रीटाउनहून निघताना साहेबांनी दिलेलं वाक्य,
"तिजोरीला भोकं आहेत, येबू. एकेक नाव करून बुजव."

शाळा म्हणजे पत्र्याखाली तीन भिंती.
चौथी युद्धात गेली. ती परत कुणी मागितली नाही,
वारा बरा येतो म्हणे.
यादीत पाच मास्तर, ओळीत पाच माणसं.
बेरीज इतकी पटकन जुळली
की मला धास्तीच वाटली.

हेडमास्तर फोडे वांदींचा अंगठा
काचेनं लगेच ओळखला.
दुसऱ्या बाईंची बोटं कसावा सोलून सोलून गुळगुळीत.
लिंबानं धुतली, पुसली, पुन्हा धुतली,
तेव्हा कुठे हिरवा दिवा.
"बावीस वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या,
"आज पास झाले."

पाचवं नाव लाहाई ग्बोंडा.
ओळीतल्या शेवटच्या मुलीनं बोट टेकवलं.
लाल.
दुसरं बोट. लाल.
"तू लाहाई?"
तिनं हनुवटीनंच दाखवलं:
कोलाच्या झाडाखाली मातीचा उंचवटा,
उशाशी पालथी घातलेली एनॅमलची थाळी.
सहा वर्षं तो तिथे निजलेला,
आणि दर महिन्याला पगार घेणारा.

आमच्या कचेरीत अशांना भुतं म्हणतात.
मागच्या गावात तीन सापडली होती.
त्यांच्या पगारातून एका सभासदाच्या घरावर
दुसरा मजला चढला होता.
ती नावं पुसताना माझं बोट थरथरलं नव्हतं,
उलट रात्री झोप छान लागली.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात, हे मला ठाऊक आहे.
इथेही मी तेच शोधायला बसले.
फोडे वांदींनी कपाटातून वही काढली.
लाहाईचा पगार, महिन्यामहिन्यानं:
त्याच्या विधवेला तांदळाची एक गोणी,
खडूचे दोन डबे,
उरलेले सगळे मात्तूला. म्हणजे या मुलीला.
तिसरी आणि चौथी ती एकत्र शिकवते, एका फळ्यावर,
मधोमध रेघ मारून.
नोकरीचा तिचा अर्ज पाच वेळा गेला,
पाचही वेळा वाटेतच राहिला.
बाहत्तर पानं चाळली. कुठे खाडाखोड नाही.
इतका जुळलेला ताळेबंद
मी मंत्रालयात एकदाही पाहिला नव्हता.

काचेखाली दोनच बटणं:
*आहे.*
*नाही.*

मी बराच वेळ बॅटरी तपासत बसले.
ती भरलेलीच होती.
मुलं खिडकीत गोळा झाली होती,
एकाला आपलं बोट लावून बघायचं होतं.
लावू दिलं. लाल दिवा बघून तो हरखला.

मग मी *नाही* दाबलं.
जे नाही ते नाही. त्या पेटीचा धर्म तोच आहे,
आणि माझाही. पगार मीही त्याच तिजोरीतून घेते.
त्यानंतर मात्तूची दहा बोटं घेतली,
रकाना नव्हता, तरी घेतली.
वारुळाच्या टेकाडावर चढून, हात उंच करून,
सिग्नलच्या एका काडीवर ती फ्रीटाउनला पाठवली.
उत्तर आलं: *प्रलंबित.*

खाली आले तेव्हा फोडे वांदी वही उघडून उभे.
"पावती?"
"कशाची?"
"लाहाई आमच्याकडून गेला. खर्ची टाकायला कागद लागेल."

मशीन पावती छापत नाही.
मी हातानं लिहून दिली:
*जमा: एक मयत मास्तर.*
*देणे बाकी: एक हयात.*
खाली तारीख, सही, माझा पूर्ण हुद्दा.

त्यांनी कागद उजेडाला धरून दोनदा वाचला,
मागची बाजूही बघितली.
"शिक्का नाही," म्हणाले.