सात ओळींची जागा

रात्रीचे पावणेबारा. बीड आवृत्ती, पान तीन.
जागा सात ओळींची
आणि एजन्सीची बातमी बावीस ओळींची:
तिकडच्या संसदेनं परदेशी शस्त्रविक्री थांबवायचा ठराव केला,
राष्ट्राध्यक्षांनी फेटाळला,
संसदेनं पुन्हा मतदान घेतलं,
बहुमत मिळालं, दोन तृतीयांश मिळालं नाही.
बॉम्ब जातील.

मी बॉम्बचं वजन कापतो.
कराराची रक्कम कापतो.
ते जिथं पडतात त्या गावाचं नाव
मला धड वाचता येत नाही, तेही कापतो;
मग परत घालतो.

शेवटी ठराव मांडणाऱ्या बाईचं एक वाक्य आहे:
"आम्ही मोजणीत हरलो."

चिंचगव्हाणला, शाळेच्या व्हरांड्यात,
मी वार्ताहर म्हणून उभा होतो.
उभी बाटली, आडवी बाटली.
आडवीला दोनशे अठ्ठ्याण्णव, उभीला एकेचाळीस.
बायांनी गुलालाला पोरगं पिटाळलंसुद्धा.
तेवढ्यात उत्पादन शुल्कवाल्या साहेबांनी चष्मा पुसला:
यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त लागतात.
तीनशे सात. नऊ कमी.

न आलेल्यांत कुणी कारखान्यावर,
कुणी नांदायला गेलेल्या,
सतरा जणी तर मेलेल्या, यादीत तेवढ्या जिवंत.
कासाबाई मुंजाळ पुढं झाली,
"मेलेल्या बायांचं मत बी दुकानालाच का वो, साहेब?"
साहेबांनी पंचनाम्यावर सही मागितली.

"सर, 'नकाराधिकार' ओळीत मावंना," मोईन ओरडतो.
पडद्यावर वर नकारा, खाली धिकार.
"अर्धा क कमी पडला बघा,
नाहीतर धिक्कार झाला असता."
हसतो दोघं.
संधी सोडवली की दोन शब्द निघतात,
नकार आणि अधिकार.
कासाबाईकडं पहिला होता.

बारा वाजून दहा. जाहिरात विभागाचा फोन:
भावी आमदारांचा वाढदिवस, पाव पान, आत्ताच.
सातच्या चार ओळी होतात.
राष्ट्राध्यक्ष एका ओळीत बसतात.
त्या गावाचं नाव राहतं, चुकीच्या वेलांटीसह असेल.
बाईचं वाक्य मी काढत नाही.

पान सुटलं.
मोईन चहा सांगायला खाली गेला.
परवा वडवणीच्या तहसीलबाहेर कासाबाई दिसली,
पिशवीत सतरा मृत्यूचे दाखले,
नाव वगळायचा नमुना सात
पोरीकडून भरून घेत होती, एकेक.
चौथ्या अर्जावर शाई संपली
तर माझा पेन मागितला.
अजून तिच्याकडंच आहे.