वेगळ्या ट्रेमध्ये

बिरसीच्या विमानतळावर माणसं कमी, खुर्च्या जास्त.
काचेतून कुंपण दिसतं, कुंपणापलीकडे बांद्या,
बांद्यांत धानाची कापणी.
इकडे पट्ट्याने आमची बॅग गिळली,
थोडी मागे घेतली, पुन्हा पुढे,
आणि थांबला.

"हे काय आहे, काका?"

नेमप्लेटवर मेश्राम. वय आमच्या हेमलताएवढं.
मी पर्समधून कागद काढला,
नागपूरच्या डॉक्टरचं पत्र,
आमगावच्या झेरॉक्सवाल्याकडून
चाळीस रुपये देऊन लॅमिनेशन केलेलं.
तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"बाहेर काढा. वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा."

आधी नळी निघाली, मग डबा,
मग तो रबरी मुखवटा,
ट्रेमध्ये उताणा,
जसं ह्यांचं नाक तेवढं झोपलंय.

गावात कुणाला माहीत नव्हतं.
कौतिकाबाई भिंतीपलीकडून विचारायची,
"पूस महिन्यात कूलर कायले चालवता वो?"
"इन्व्हर्टर आवाज करते," हे सांगून मोकळे.
राईस मिलमध्ये चाळीस वर्षं मिस्त्री.
कुठली मोटर धाप टाकते आहे
ते फाटकातूनच ओळखणारा माणूस.
स्वतःची धाप कबूल करायला
दोन वर्षं लावली.

डब्यात घोटभर पाणी राहून गेलं होतं.
"हे कसलं?"
"बॅटरीच्या दुकानातलं," मी म्हटलं,
"ट्रॅक्टरला लागते ना, तेच."
ती हसली नाही. कुंडी दाखवली.
मी तिथल्या मनीप्लँटला ते घातलं.

मग काडीला पांढरी चिंधी लावून
तिने मशीन पुसलं, कडा, नळीचं तोंड,
चिंधी दुसऱ्या एका यंत्राला दिली.
"स्फोटक बघतेत," मागून कुणी म्हणालं.
मला हसू आवरेना.
एकतीस वर्षं त्याच्याच शेजारी झोपले, बाई.
घोरणं चालू असलं की मला गाढ झोप,
बंद पडलं की टक्क जाग.
अंगणवाडीत पोरं मोजायची
तसं अंधारात मोजायचे,
एक, दोन, तीन,
बाविसावर कोपर मारायचे.
एकदा सव्वीस झाले होते.
ते ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मशीन आलं आणि मोजणी सुटली.
सुटली म्हणजे,
लाईन जातेच. उन्हाळ्यात तर रोज.
लाईन गेली की ड्यूटी माझी.

"रोज लावता, काका?"
मागे रांगेत आमच्याच गावचे कटरे होते,
त्यांची सून, आणि मिलवाल्या शेठजींचा मुलगा.
ह्यांनी पॅन्ट सावरली, पट्टा ट्रेमध्ये होता.
"रोज," म्हणाले.
मग, कुणी विचारलं नसताना,
"श्वास थांबते माझा. झोपेत."
मोठ्याने. मिलमध्ये बोलत तसं.

मेश्रामने शिक्का मारला. झालं.
आम्ही खुर्चीवर बसून नळी गुंडाळत होतो,
ती काही केल्या आधीसारखी बसेना,
तेव्हा कटरे हळूच जवळ आले,
बूट अजून हातात.
"झनकभाऊ, कितीले भेटते हे?"
जरा थांबून,
"आमची बाई आता पडवीत झोपते."

विमान उडालं. खाली बोड्या चमकल्या,
मिलचं कोंड्याचं ढिगार बोटाएवढं.
हे बघतो बघतो म्हणत
पाच मिनिटांत झोपले, तोंड उघडं.
मशीन वर, डोक्यावरच्या कप्प्यात.
इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना,
म्हणून शर्टाच्या तिसऱ्या बटणावर नजर ठेवली.

बटण खाली गेलं.

सात. आठ. नऊ.
हवाईसुंदरी वाकून म्हणाली, "पाणी देऊ?"
मी तिला बोटाने थांब म्हटलं.