पाणी मुरतंय कुठेतरी

अजमान, नुऐमिया. सातवी ‘ड’, दुपारची पाळी.
सप्टेंबर संपत आला तरी हवा
न पिळलेल्या टॉवेलासारखी अंगावर.
फळ्यावर मी एकच ओळ लिहिली :
एसीच्या नळीतून गळतं ते पाणी येतं कुठून?

“गॅसमधून, मिस.” “समुद्रातून.” “पाइप फुटलाय.”
मी काही बोलले नाही.
उत्तर गिळणं हे या नोकरीतलं सगळ्यात जड काम,
सोळा वर्षं झाली, अजून घशाशी येतं.
म्हटलं, पाण्याचा रिकामा कॅन नळीखाली लावा,
रात्री दहा ते सकाळी सहा, सात रात्री.
मोजा, लिहा,
आणि लिहिलेलं खोडायचं नाही.

आठवड्यानं वह्या आल्या.
लिजियाच्या कॅनमध्ये मुंग्या बुडालेल्या : एकोणीस,
त्याही मोजलेल्या.
उमरचा कॅन वॉचमननं झाडांना ओतला होता.
त्यानं आधी लिहिलं, सोमवार : शून्य.
मग शून्यावरून एक आडवी रेघ, खालचं दिसेल अशी,
आणि शेजारी : शून्य नाही. माहीत नाही.
त्या दोन शब्दांपाशी माझं लाल पेन
बराच वेळ नुसतं टेकून राहिलं.

आलेख काढला. सगळ्यांचे ठिपके
हवेच्या दमटपणाबरोबर शहाण्यासारखे चढत गेले,
नुमान कौचालीचा गुरुवार सोडून.
इतर रात्री चार लिटर, त्या रात्री सहा.
“चुकलाय.” “टाकी धुतली असेल.” “कपडे आत वाळत घातले असतील.”
स्टाफरूममध्ये सल्ला मिळाला,
पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे,
एक ठिपका गाळला तर कुणाला कळतंय?
रेघ कशी सरळ येईल.
खरं सांगते, खोडरबर माझ्याही हातात होतं.

सुटल्यावर नुमान थांबला.
दप्तराचा पट्टा दातात धरून, मग सोडून, मराठीत म्हणाला,
“मिस, त्या रातीला आमच्याकडं सहा मानसं जास्त होती.
अब्बांच्या कंपनीतली. त्यांचा कॅम्प बंद झाला.
खोलीत खाली पन झोपले, किचनात पन.
लिवू का?”

कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतो आपण,
इथे ते कॅनमध्ये साठलं होतं, दोन लिटर,
सहा झोपलेल्या माणसांचं.
एका खोलीत किती जणांनी राहायचं
याचे नियम मला ठाऊक होते, त्यालाही.
आणि ‘खोडायचं नाही’ हा नियम तर माझाच.

मी म्हटलं, आकडा राहू दे.
तो बसला. पेन्सिलीला टोक केलं.
कारणाच्या रकान्यात नाव नाही, गाव नाही,
फक्त लिहिलं :
खोलीत माणसं वाढली तर पाणी वाढतं का? कसं तपासायचं?

रविवारी वर्ग चाळीस मिनिटं रिकामा ठेवला, एसी चालू, दार बंद :
सहाशे दहा मिलिलिटर.
मग बत्तीस मुलं आणि मी, तेवढीच मिनिटं,
तोच एसी, तेच दार, खिडकीच्या फटीला चिकटपट्टी.
कुणी हसायचं नाही, असं तन्वीरनं बजावलं,
म्हणून सगळेच हसले.
एक हजार चारशे ऐंशी.
नुमाननं मापाचा जग उजेडाकडे धरला.
त्यात केरळ किती, खार्टूम किती, श्रीवर्धन किती,
सांगता येईना.

टाळ्या पडल्या. तेवढ्यात उमरचा हात वर :
“पण मिस, आपण गरम पण आहोत ना?
आपल्यामुळे एसी जास्त वेळ चालला असेल.
मग हे पाणी श्वासाचं की उकाड्याचं?”

घंटा झाली. कुणी उठलं नाही.
मी सवयीनं उत्तर गिळायला गेले,
तर या वेळी
गिळायला काही नव्हतंच.